वाचक विचारतात : हॉस्पिसमधला नाताळ आणि आठवणीतली माणसं

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच विषयाभोवती फिरत होती: हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात काळजी घेणारी संस्था, आणि गेलेल्या माणसांच्या आठवणीतला नाताळ. म्हणून हे पान त्यालाच दिलं आहे. उत्तरं पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) सेवेतल्या परिचारिका, समुपदेशक आणि चर्चच्या मंडळीचं काम पाहणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत. औषधांबद्दलचं सगळं तुमच्या डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहा. फरक दिसला तर कागद खरा.

प्रश्न : सासूबाई तीन आठवड्यांपासून हॉस्पिसमध्ये आहेत. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, ऑक्सिजन लागतो, दर चार तासांनी दुखणं कमी करणाऱ्या मॉर्फिनची गोळी असते. २४ तारखेला रात्री घरी यायचं आणि मध्यरात्रीची उपासना चुकवायची नाही, असा त्यांचा हट्ट आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणावं का? (गुरुवार पेठ)

आणा. पण २४ च्या रात्री नको, २५ च्या सकाळी आणा आणि मुक्काम ठेवू नका. २४ ला संध्याकाळनंतर कॅम्पात एम. जी. रोडच्या आसपास वाहतूक वळवलेली असते, गाडी अडकली की ऑक्सिजनचा हिशेब चुकतो. डिसेंबरातल्या पुण्याच्या रात्रीची थंड हवा दम लागणाऱ्या माणसाला सोसत नाही. उपासना त्यांना वॉर्डातच मोबाइलवर, एका कानात इअरफोन घालून ऐकवा. शेजारच्या पलंगावरच्या बाईंची झोप मोडणार नाही.

हॉस्पिसला निदान चार दिवस आधी सांगा. मागताना डिस्चार्ज मागू नका, ‘लीव्ह’ मागा. डिस्चार्ज झाला की पलंग दुसऱ्या रुग्णाला जातो आणि संध्याकाळी परत यायला जागा राहत नाही.

वेळ गोळीच्या घड्याळावर बसवा. समजा गोळ्या सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ अशा आहेत. मग १० ची गोळी घेऊन पाऊण तासाने निघा, तोवर गोळीचा असर चढलेला असतो. जिन्याचे धक्के त्या काळातच पार पडले पाहिजेत. २ ची गोळी घरी द्या आणि तीनच्या आत परत निघा. मध्येच दुखलं तर द्यायची जादा गोळी बरोबर मागून घ्या. ती किती मिलिग्रॅमची, किती अंतराने, हे कागदावर लिहून घ्या. गोळ्या मोजून घ्या, मोजून परत करा. घरात पाहुण्यांची पोरं असणार, तेव्हा डबी एकाच माणसाच्या खिशात राहू दे.

ऑक्सिजनचं गणित सोपं आहे. ‘बी’ टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर असतात. मिनिटाला २ लिटर लागत असतील तर १५०० भागिले २, म्हणजे ७५० मिनिटं, सुमारे साडेबारा तास. ४ लिटर लागत असतील तर निम्मे. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं मशीन) भाड्याने आणला तरी सिलिंडर हवाच, कारण वीज गेली की मशीन बंद. आणि नाताळचं घर म्हटलं की मेणबत्त्या आल्या. पेटती ज्योत, उदबत्ती, गॅसची शेगडी ऑक्सिजनपासून निदान दहा फूट लांब पाहिजे. त्या खोलीत सेलवरच्या मेणबत्त्या लावा. ओठ सुकले तर व्हॅसलिन लावू नका. ऑक्सिजनजवळ तेलकट, पेट्रोलियमचं काही नको. पाण्यात विरघळणारं जेल मिळतं, ते लावा.

जिन्यासाठी हात असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची घ्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कलत्या वजनाने वाकतात. ओढणीने कंबर खुर्चीला बांधा. दोघे उचलणारे, एक जण समोरून पायऱ्या मोजत येणारा. सिलिंडर आधी वर पोचलेला असावा, आणि जिन्यावर नळी काही मिनिटं काढलेली चालेल का, हे डॉक्टरांनाच विचारून ठेवा. १०८ ची गाडी आणीबाणीसाठी असते. ती या कामाला मागवू नका. स्वतःच्या गाडीची पुढची सीट मागे कलवली तरी भागतं.

घरी आल्यावर त्यांना दारासमोर बसवू नका, खिडकीपाशी बसवा. दम लागला तर टेबल फॅन चेहऱ्यावर सोडा. नाकागालांना वारा लागला की दम लागल्याची जाणीव खरोखर कमी होते. बसायला साधी मऊ उशी द्या. गोल रबरी रिंग अनेक घरांत हौसेने आणतात, पण रिंगच्या कडेने कातडी ताणली जाते आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो, म्हणजे ज्या जखमेला जपायचं तीच वाढते. भेटायला येणाऱ्यांना एका वेळी तिघे आणि वीस मिनिटं, हे आधीच फोनवर सांगा. दारात सांगायला लागलं की वाईटपणा येतो.

आदल्या रात्री ताप आला, बोलण्यात नव्याने असंबद्धपणा आला, बसल्या जागी दम लागायला लागला, किंवा गोळीची मात्रा त्याच दिवशी वाढवली, तर बेत रद्द. म्हणून दुसरा बेत आजच त्यांच्याशी बोलून ठेवा: गव्हाणीतल्या चार मूर्ती, घरचा टेबलक्लॉथ, दोन नातवंडं आणि एक डबा वॉर्डात नेणं. आधी ठरलेलं असलं तर तो दुसरा बेतही नाताळच वाटतो, ऐनवेळी सुचवला तर शिक्षा वाटते.

परत निघताना ‘आजची रात्र राहू द्या ना’ असं कुणीतरी म्हणणारच. तेव्हा नाही कोण म्हणणार, हे सकाळीच ठरवा, आणि ती व्यक्ती शक्यतो सून नसावी. मुलाने म्हणावं.

प्रश्न : वडिलांना गिळताना ठसका लागतो. नाताळचा केक थोडा तरी द्यावासा वाटतो. प्रभुभोजन (उपासनेत घेतात ती भाकर आणि द्राक्षरस) कसं द्यायचं? (खडकी)

केकचा त्रास त्याच्या कोरड्या चुऱ्यामुळे होतो. चुरा घशात पसरतो, एका घोटात गोळा होत नाही आणि श्वासनलिकेकडे जातो. श्रूजबेरी बिस्किटं त्याहून वाईट. प्लम केकमधल्या मनुका आणि काजूचे तुकडे तर अजिबात नकोत. साधा स्पंज केक घट्ट कस्टर्डमध्ये भिजवा, कुस्करा आणि गाळणीतून चमच्याने दाबून काढा. एरवी अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर घालतो, इथे तीन घाला. पातळ पदार्थ जास्त सुरक्षित, ही समजूत उलटी आहे. चहा-पाणी झरकन घशाकडे धावतं आणि ठसका त्यानेच लागतो.

वडिलांना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. अर्धा चहाचा चमचा द्या, गिळलेलं दिसेपर्यंत पुढचा चमचा उचलू नका. आवाज ओला, गुरगुरता झाला की थांबा. नंतर अर्धा तास आडवं करू नका. वाइनमध्ये मुरवलेला केक मॉर्फिनवर असलेल्या माणसाला देऊ नये. गुंगी वाढते आणि तोंड आलेलं असेल तर झोंबतं. खाण्याआधी आणि नंतर एका ग्लास पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून तोंड पुसून घ्या. अर्धी चव तिथेच परत येते.

प्रभुभोजनाबद्दल पाळकांना आधी कळवा. भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून चमच्याने देता येतो. कॅथलिक घरांत ख्रिस्तप्रसादाचा अगदी छोटा कण पाण्याबरोबर देतात, आणि तेही जमत नसेल तर फक्त द्राक्षरसाच्या रूपात देण्याची चर्चची मुभा आहे. तेललेपनाला (आजाऱ्याला तेल लावून करायच्या प्रार्थनेला) फादर आले म्हणून घरच्यांनी दचकू नये. तो संस्कार गंभीर आजाऱ्यासाठी आहे, फक्त शेवटच्या घटकेसाठी नाही.

आणि काहीच जात नसेल तर जिभेच्या टोकाला चव लावा आणि थांबा. शेवटच्या दिवसांत भूक शरीरच बंद करतं. आग्रहाने भरवलेला घास फुप्फुसात जातो.

प्रश्न : ‘आईला हॉस्पिसमध्ये टाकलं’ असं नातेवाईक म्हणतात. काय उत्तर द्यावं? मॉर्फिनची सवय लागते म्हणूनही घाबरवतात. (येरवडा)

त्यांना एकदा भेटीच्या वेळी बरोबर घेऊन जा. वाद घालण्यापेक्षा ते लवकर होतं. वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य सेवा होते आणि घरच्या माणसाने रुग्णासोबत राहावं अशीच तिथली पद्धत आहे. ‘टाकणं’ हा शब्द तिथे टिकत नाही. मॉर्फिनचं म्हणाल, तर दुखण्यासाठी, ठरलेल्या वेळी, मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होत नाही. होतो तो बद्धकोष्ठ, आणि जवळजवळ सगळ्यांना होतो. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ ठेवणारं औषध सुरू हवं. ते लिहिलेलं नसेल तर मागा.

प्रश्न : आमच्या तरुण संघाला २३ तारखेला एका हॉस्पिसमध्ये कॅरल गायला जायचं आहे. आम्ही पस्तीस जण आहोत, ढोलकी, कॅजॉन (हाताने वाजवायची लाकडी पेटी), सांताक्लॉज सगळं आहे. (वानवडी)

पस्तीस जणांनी जाऊ नये. दहा जण पुरेत, बाकीच्यांनी अंगणात किंवा गेटपाशी थांबून शेवटचं एक गाणं गावं. खिडक्यांतून ते ऐकू जातं आणि बरं वाटतं. ढोलकी आणि कॅजॉन राहू द्या. तालवाद्याचा ठोका दुखऱ्या शरीराला आणि डोकेदुखीला सोसत नाही. एक गिटार किंवा छोटी पेटी पुरे.

वेळ दुपारी चार ते पाच. दुपारची झोप झालेली असते, रात्रीचं जेवण आणि औषधं यायची असतात. एका वॉर्डात तीन गाणी, संथ, मराठी आणि खालच्या पट्टीतली. एकूण पंचवीस मिनिटांत बाहेर. पलंगाच्या पायथ्याशी गर्दी करून उभं राहू नका, दारापाशी आणि पॅसेजमध्ये राहा. ज्याला नको असेल त्याला तोंड फिरवता आलं पाहिजे. वॉर्डात हिंदू, मुसलमान, बौद्ध रुग्णही असतात. सिस्टरना विचारून ज्यांना चालेल तिथेच जा.

सांताचा मुखवटा घरी ठेवा. आजारामुळे किंवा औषधामुळे भ्रम झालेल्या रुग्णाला तो चेहरा भीतिदायक दिसतो, आणि मग रात्रभर त्याला शांत करण्याचं काम नाइटच्या सिस्टरवर पडतं. लाल टोपी चालेल. सर्दी, खोकला, ताप असलेल्यांनी येऊ नये. अत्तर लावू नये आणि निशिगंध नेऊ नये, कारण मळमळ असलेल्याला उग्र वास पुरे होतो. फोटो आणि रील बंद. गोळ्या-चॉकलेटं हातोहात वाटू नका. कुणाला मधुमेह, कुणाला गिळण्याचा त्रास, तुम्हाला कळणार नाही. डबा सिस्टरच्या टेबलावर द्या.

कुणी रडलं तर गाणं तोडू नका, गात राहा. आणि निघताना ‘लवकर बरे व्हा’ म्हणू नका. ‘तुमच्यासाठी गायला आलो होतो’ एवढं पुरतं.

प्रश्न : आईचं सप्टेंबरमध्ये हॉस्पिसमध्ये निधन झालं. तिथल्या लोकांनी फार केलं. नाताळला आभार मानायचे आहेत. काय द्यावं? (पिंपरी)

आधी पत्र लिहा. ‘तुमचे उपकार विसरणार नाही’ असं ढोबळ पत्र फायलीत जातं आणि तिथेच राहतं. प्रसंग लिहा: अमुक तारखेला रात्री आईला उलटी झाली तेव्हा अमुक मावशींनी चादर बदलताना तिला थंडी वाजू दिली नाही. नाव, तारीख, काय केलं. पत्र संस्थेच्या प्रमुखांच्या नावे द्या, म्हणजे त्या मावशींच्या नोंदीत ते जाईल. सफाई, धुलाई, स्वयंपाकघर, ड्रायव्हर, वॉचमन यांची नावं माहीत नसतील तर विचारून घ्या. आभाराच्या पत्रांत डॉक्टर आणि सिस्टर असतात, चादरी धुणारा क्वचित असतो.

फराळ द्यायचा असेल तर तीन डबे करा आणि त्यावर ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ असं ठळक लिहा. एकच मोठा डबा दिला की तो दुपारच्या चहापर्यंत संपतो आणि रात्रपाळीला रिकामं झाकण दिसतं. करंज्या, शंकरपाळी, कलकल टिकतात. क्रीमचा केक नको, फ्रिज औषधांचा असतो. कुणाच्या हातात पैशाचं पाकीट ठेवू नका. घेणाऱ्याची नोकरी अडचणीत येते.

वस्तू द्यायच्या तर मेट्रनना फोन करून यादी विचारा. बहुतेक वेळा मोठ्यांचे डायपर, अंडरपॅड (रुग्णाखाली अंथरायचे ओल शोषणारे पॅड), गॉज आणि धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती चादरी यांची गरज असते. नव्या खळ लावलेल्या चादरी नाजूक कातडीला टोचतात. आईच्या उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात असतील तर त्या दुसऱ्या रुग्णाला परस्पर देऊ नका. जिथून मिळाल्या तिथे मोजून परत करा. पैसे द्यायचे तर संस्थेच्या खात्यावर आणि पावती घेऊन. करसवलत हवी असेल तर २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी धरली जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

नावाची पाटी लावावी का, असंही तुम्ही पत्रात विचारलं आहे. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडचा ज्यू निर्वासित कॅन्सरने वारला. त्याच्याशी बोलायला येणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांना त्याने ५०० पौंड ठेवले, त्यांच्या मनातल्या घरात आपली एक खिडकी असावी म्हणून. तेव्हा ते घर कुठेच नव्हतं. सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं राहिलं १९६७ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात तिथून धरतात, आणि आपल्याकडे मुंबईच्या वांद्र्यात शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं. तेव्हा पाटीची घाई नको. या वर्षी अंडरपॅड द्या.

प्रश्न : नवरा गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. सासरी म्हणतात, वर्षाच्या आत तारा लावायचा नाही, करंज्या करायच्या नाहीत. मुलं सहा आणि अकरा वर्षांची आहेत. (घोरपडी)

हा घराण्यांचा रिवाज आहे, चर्चचा नियम नाही. तरी सासूबाईंचाही मुलगा गेला आहे, म्हणून रिवाज मोडायचा की पाळायचा असा वाद काढू नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी बसून मधला रस्ता काढा. एकच पांढरा तारा, आतल्या खोलीच्या खिडकीत, आणि तो मुलांनी लावायचा. करंज्या शेजारून येतीलच, त्या घ्या.

दिवसातल्या तीन जागा अवघड जातात: जेवणाची ताटं मांडताना, सगळ्यांचा फोटो काढताना आणि दुपारी पाहुणे गेल्यावर. तिन्हींचा विचार आधी करून ठेवा. त्यांच्या जागेवर कोण बसणार ते ठरवा, रिकामी खुर्ची समोर ठेवून जेवणं मुलांना जड जातं. दुपारी चारला कुणाकडे तरी जायचं नक्की करा. कॅरलवाल्यांना आधीच निरोप द्या की या, पण दोनच गाणी गा.

मुलांशी बोलताना ‘झोपले’, ‘लांब गेले’ असं म्हणू नका. सहा वर्षांचं मूल मग झोपायला घाबरतं. ‘पप्पा वारले, त्यांचं शरीर थांबलं’ असं सरळ सांगा, मग देवाघरचं.

कबरीवर जायचं तर २४ ला सकाळी लवकर जा, नंतर गर्दी होते. संगमरवर धुवायला पाणी आणि मऊ ब्रश एवढंच वापरा. टॉयलेट क्लीनर किंवा लिंबू लावलंत तर आम्लाने दगडाची चकाकी खाल्ली जाते, आणि ती परत येत नाही. मेणबत्ती काचेच्या बरणीत, तळाशी दोन बोटं वाळू घालून ठेवा. वाऱ्याने विझत नाही आणि मेण दगडावर सांडत नाही.

झोप, जेवण, कामाला उठणं हे आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर १४४१६ या टेलिमानसच्या विनामूल्य क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आमच्या देवालयात (चर्चमध्ये) या वर्षी ‘स्मरणाचं झाड’ करायचं आहे, हॉस्पिसमध्ये वारलेल्यांच्या घरच्यांनाही बोलवायचं आहे. नियोजन कसं करावं? (कोंढवा)

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी करा. नाताळच्या आठवड्यात केलंत तर दुःखातली माणसं सजावटीच्या धांदलीत चेंगरतात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेसहाला सुरू करून साडेसातला संपवा. वयस्कर माणसं थंडीत त्याहून जास्त बसत नाहीत.

सहा फुटी झाड आणि १०० दिव्यांच्या तीन एलईडी माळा पुरतात. मात्र ‘हा दिवा या माणसाचा’ असं ठरवू नका. माळेत दिवे गटागटाने एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की गटच्या गट विझतो, आणि आपल्या माणसाचाच दिवा विझला म्हणून एखादी विधवा रडत घरी जाते. दिवे सगळ्यांचे, नाव कागदी ताऱ्यावर. तीन इंची तारे जाड कार्डाचे कापा आणि पर्मनंट मार्करने लिहा. स्केचपेनची शाई रात्रीच्या दवाने पसरते आणि सकाळी नाव वाचता येत नाही.

नावं आठवडाभर आधी, देवनागरीत, लिहून घ्या आणि उच्चार विचारा. ‘पीटर’ आणि ‘पेत्र’ यांतलं घरी काय म्हणत होते तेच वाचायचं. हुद्दा, वय, आजार नको. क्रम अकारविल्हे, देणगीप्रमाणे कधीही नाही. नावामागे पैसे तर घेऊच नका. जन्मतःच गेलेली बाळं, आत्महत्येने गेलेली माणसं, ख्रिस्ती नसलेली माणसं, सगळी त्याच यादीत.

वेळ मोजून पाहा. १२० नावं, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. प्रत्येक नावाला उठून मेणबत्ती लावायची म्हटलं की पंधरा सेकंद लागतात आणि तेच अर्ध्या तासावर जातं. शेवटच्या रांगा तोवर बोलायला लागलेल्या असतात. म्हणून तीस नावं, मग गीताचं एक कडवं, त्या वेळात त्या तीस घरांनी तारे लावायचे, मग पुढची तीस. वाचणारे दोघे ठेवा, एकाचा गळा दाटला तर दुसऱ्याने तिथूनच पुढे घ्यायचं. यादीवर बोट ठेवून वाचा. गाळलेलं नाव ही एकच चूक लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

पहिला दिवा हॉस्पिसच्या एखाद्या सिस्टर किंवा मावशींच्या हातून लावा. त्यांना भाषण करायला लावू नका. पाळकांनीही पाच मिनिटांत आटपावं. ऐनवेळी नाव घेऊन येणारे हमखास असतात. दारापाशी वीस कोरे तारे ठेवा आणि मार्कर दोरीने टेबलाला बांधा, नाहीतर दुसऱ्याच माणसाच्या खिशातून तो जातो.